दाळ उठली का?

त्यांच्या घरात खोली भाड्यानं घ्यायची तर आधी डावा खांदा दाखवावा लागे.

हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी आणि बाबा मारेगावहून सकाळच्या एसटीनं यवतमाळला आलो होतो. बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. कोणीतरी पत्ता दिला म्हणून आम्ही एका कौलारू घराच्या ओसरीवर उभे होतो. आतून पांढरा सदरा-पायजमा घातलेले, सडपातळ, साठी ओलांडलेले गृहस्थ बाहेर आले. त्यांनी बाबांचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, भाडंही सांगितलं नाही. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मला म्हणाले, "डाव्या हाताची बाही वर कर, पोरी."

बाबा एक पाऊल पुढे सरकले. बाबा जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलणारा माणूस. त्यांचं एक पाऊल पुढे सरकलं की समोरच्याला ते कळायचं. तेवढ्यात आतून बाईंचा आवाज आला, "भिऊ नका हो भाऊ. सगळ्यायले हेच म्हणतात थे. मले पाहाले आलते तेव्हा मलेही हेच म्हटलं होतं."

मी बाही वर केली. ते वाकले, हात न लावता बराच वेळ बघत राहिले. तिथं लहानपणच्या लसीचा वण होता. जरा लांबट, जरा खाली सरकलेला. तोवर मी त्याकडे कधी लक्षही दिलं नव्हतं.

"घाईत टोचलेलं हाय," ते म्हणाले. "पाचची गाडी पकडायची असन त्याले. पण लागलं बरं. खोली मागच्या बाजूनं आहे, पाहून घ्या."

त्या खोलीत मी तीन वर्षं राहिले. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेलं कोणी नव्हतं, त्यामुळं शिकलेला माणूस कसा असतो याचा मी पाहिलेला पहिला नमुना म्हणजे घरमालक काका. सगळे शिकलेले तसे नसतात, हे पुढं कळलं. कळल्यावर थोडं वाईटच वाटलं.

काकांनी सगळी नोकरी बीसीजीच्या पथकात काढली होती. क्षयाची लस टोचायची, गावोगाव हिंडून. सायकलनं, बैलगाडीनं, नाल्याला पाणी असेल तर चपला हातात घेऊन. गल्लीत त्यांना 'टोचेकाका' म्हणत, पोरं पाठीमागं आणि मोठी माणसं तोंडावर. त्याचं त्यांना काही वाटत नसे. त्यांना राग होता तो एकाच गोष्टीचा.

"इंजेक्शन देलं, इंजेक्शन देलं," ते म्हणत. "अरे पण कोणाले देलं? मांसाले देलं, का चरबीले, का कातडीले? पत्र टाकलं म्हणतात आणि पत्ता सांगत नाहीत."

बीसीजीचा पत्ता कातडीत होता. कातडीच्या खाली नाही, कातडीच्या जाडीतच. सुई जवळजवळ आडवी धरून, तिचं भोक आभाळाकडं ठेवून, अगदी वरच्यावर सरकवायची आणि थेंबभर औषध सोडायचं. नीट गेलं तर कातडी तिथं फुगून वर येते. हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरट उंचवटा, त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे. अर्ध्या तासात तो जिरून जातो. पण तो उठला तरच औषध ठिकाणावर पोचलं. नाही उठला तर सुई खाली घसरली आणि औषध भलतीकडं गेलं.

याला काका 'दाळ उठणं' म्हणत, आणि हा शब्द त्यांनी टोचण्यापुरता ठेवला नव्हता. मी परीक्षा देऊन आले की विचारत, "दाळ उठली का?" काकूंची भाकरी तव्यावर फुगली की म्हणत, "उठली." शेजारच्या मुलीचं लग्न ठरल्याचे पेढे आले तर पेढा हातात धरून विचारत, "बोलणी झाली थे समजलं. दाळ उठली का थे सांगा." कापसाच्या भावाबद्दल कोणा पुढाऱ्याचं भाषण रेडिओवर लागलं, तर पूर्ण ऐकून घेत, मग बटण बंद करून एवढंच म्हणत, "खाली घसरली." ती वर्षं अशी होती की 'खाली घसरली' हे आम्ही जवळजवळ रोज ऐकत होतो. बाबांची जिनिंग त्याच वर्षांत एका हंगामापुरती बंद झाली, मग दोन हंगाम, मग तिच्या फाटकाला साखळीच लागली. आमच्या घरी बाबांनी चार बकऱ्या पाळल्या, आणि माझं शिक्षण खरं तर त्या बकऱ्यांनी केलं.

निवृत्त झाल्यावरही काकांचा सकाळचा पहिला तास सुईचा होता. पूजेच्या आधी, चहाच्या आधी. अंगणातल्या पाटावर चार वांगी मांडायची, काचेची सिरिंज उकळून घ्यायची आणि वांग्याच्या सालीत पाणी टोचायचं. "हात मरू नाही द्यायचा," ते म्हणत. मग ती वांगी स्वयंपाकघरात जात. काकू भाजी वाढताना न चुकता सांगत, "खा बिनधास्त. आमच्या घरच्या वांग्यायले टीबी होत नाही."

मला खोलीत स्टोव्ह वापरायची परवानगी हवी होती. काकांनी ती दिली, पण अट घातली. रोज एक वांगं टोचायचं. पावसाळाभर माझी वांगी नुसती गळत राहिली. काका बाजूला बसून सांगत, "दाबू नको. सुईले बोलू दे. खाली घसरली की सुई सैल लागते, कातडीत असली की अडते. अडली पाहिजे." दिवाळीच्या सुमारास एका वांग्यावर पहिल्यांदा दाळ उठली. काकांनी ते वांगं भाजीत घालू दिलं नाही. दोन दिवस खिडकीत ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. दूधवाल्याला तर आत बोलावून.

"हे काय आहे काका?" त्यानं विचारलं.

"पोट्टीनं केलं."

"वांगं?"

"जा तू. तुले नाही समजत."

स्वतःच्या हातचा वण आपण कुठंही ओळखू, असा काकांचा दावा होता. शिंप्यानं आपली शिवण ओळखावी तसा. एकदा आम्ही सगळे पांढरकवड्याला काकूंच्या भाचीच्या लग्नाला गेलो होतो. नवरदेवाला हळद लागत होती, तो उघड्या अंगानं पाटावर बसलेला. काका बायकांच्या गर्दीतून सरळ पाटाजवळ गेले, चष्मा ओढला आणि त्याच्या दंडाशी वाकले. हळद लावणाऱ्या करवलीचा हात तसाच राहिला.

"केळापूरचे का तुम्ही?" काकांनी नवरदेवाला विचारलं.

"हो," तो बिचारा म्हणाला. "काहून?"

काका ताठ झाले आणि मंडपाकडं वळून म्हणाले, "माझा हात आहे."

नवऱ्या मुलाकडच्यांना हे कोणी मानाचे वडीलधारे वाटले असावेत. त्यांनी काकांना दुपट्टा दिला. काकू परतीच्या बसमध्ये म्हणाल्या, "तुमच्यापाई मले लोकायच्या लग्नात तोंड लपवा लागते." काका दुपट्टा घडी करत म्हणाले, "वण गोल होता पण. पाह्यला नाही तू."

हे सगळं हसण्यावारी न्यायचं, असंच मीही धरून चालले होते. मग एकदा काकांना नेरला जायचं होतं, कोणाच्या तरी मयतीला, आणि ते गेल्यावर काकूंनी तूर निवडता निवडता मला नेरचं सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत त्या बाजूच्या एका खेड्यात संध्याकाळ होत आली होती, रांग मोठी होती आणि साहेबाला मुक्काम करायचा नव्हता. काकांनी घाई केली. शेवटच्या पोरांच्या दंडावर दाळ उठते की नाही ते पाहिलं नाही. महिनाभरानं त्यातल्या काही पोरांच्या दंडाला आणि काखेत गळवं आली. सुई खोल गेली होती. साहेब म्हणाले, असं होत असते, बरी होतील, तू कायले जातो. काका गेले. दर रविवारी, सायकलनं, शेवटच्या पोराची जखम भरेपर्यंत. पहिल्या रविवारी बायकांनी त्यांना दगड मारले. शेवटच्या रविवारी जेवू घातलं.

"तेव्हापासून हे असे आहेत," काकू म्हणाल्या. "तुमी हसता, हसा. मीबी हसते."

बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली, आणि मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी लागले. विषय होता शेळ्यांच्या बुळकांडीवरची एक नव्या तऱ्हेची लस. बुळकांडीवर लस आधीपासून होती आणि चांगली होती, पण तिला बर्फ लागायचा. आमच्या भागात मे महिन्यात माणसाला बर्फ मिळत नाही, बकरीच्या लसीला कुठून मिळणार? आमची लस डीएनएची होती, ऊन सहन करणारी. तिच्यात रोगाचा जंतू नव्हताच, नुसता मजकूर होता. जंतूचा एक तुकडा कसा बनवायचा याचा. शरीरातल्या पेशींनी तो मजकूर वाचायचा, तो तुकडा स्वतःच बनवायचा आणि शरीरानं त्यावरून शत्रूची ओळख करून घ्यायची. पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मला काकांचं पत्र आठवलं होतं. पण पत्त्याचं आठवायला हवं होतं, ते आठवलं नाही.

उंदरांच्या मांडीत लस दिली, उत्तम काम झालं. आम्ही पेढे वाटले. मग बकऱ्या. त्यांना ठेवायला जागा हवी होती, आणि मारेगावची बंद जिनिंग रिकामी होती. ज्या गोदामात बाबांनी वीस हंगाम गाठी रचल्या, त्यात आम्ही बकऱ्या बांधल्या आणि बाबांनाच राखणीला ठेवलं. बकऱ्यांच्या मांडीत लस दिली. काही झालं नाही. रक्तात लसीची ओळखच नाही. उंदराची मांडी ती केवढी, तिच्यात थेंबही धरणासारखा भरतो. बकरीच्या मांडीत तेच औषध वाहून जातं, आणि शत्रूची खबर पुढं पोचवणाऱ्या पेशी मांसात फार नसतातच. त्या असतात कातडीत. म्हणून आमच्या मार्गदर्शक मॅडमनी कातडीतून द्यायचं ठरवलं. पशुवैद्य डॉक्टर नागपूरहून आले, तरुण, हुशार, चपळ हाताचे. दुपारच्या जेवणाच्या आत त्यांनी सगळ्या बकऱ्या उरकल्या. मी शेजारी उभी राहून नळ्यांवर नंबर लिहीत होते.

पुन्हा काही नाही.

मॅडमनी मला बोलावलं. त्या चांगल्या बाई होत्या, पण त्यांच्यावरही वरून दाब होता. "मांसातून नाही, कातडीतूनही नाही," त्या म्हणाल्या. "आणखी एकदा करता येईल एवढीच लस शिल्लक आहे. तेही रिकामं गेलं तर प्रकल्प बंद करावा लागेल. तुला विषय बदलावा लागेल, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आणि फेलोशिप तेवढी चालणार नाही, हे तुलाही माहीत आहे."

मला माहीत होतं. फेलोशिप संपली की मारेगाव. बाबांना हे सांगायचं कसं, याचा विचार करत मी एसटीत बसले आणि यवतमाळला उतरले. काका ओसरीवरच होते. मी बसले आणि सगळं सांगितलं. डीएनए, मजकूर, मांडी, कातडी, सगळं. त्यांना किती कळत होतं कोण जाणे. शेवटपर्यंत ऐकून त्यांनी एकच विचारलं.

"दाळ उठली होती का?"

 मला माहीत नव्हतं. मी बकरीपासून हातभर अंतरावर उभी होते आणि मी पाहिलं नव्हतं. तीन वर्षं ज्या मुलीनं रोज वांग्यावर दाळ शोधली, तिनं त्या दिवशी फक्त नंबर लिहिले होते.

"कुठं टोचलं?" काकांनी विचारलं.

"मानेला."

"केस काढले होते?"

"नाही."

"केसात दाळ दिसन कशी?" ते उठून आत गेले. "अवो," त्यांनी काकूंना हाक मारली, "माझा चष्म्याचा दुसरा डबा कुठी आहे? मारेगावले जाऊन राह्यलो मी."

डॉक्टरांना हे आवडलं नाही. त्यांचंही चूक नव्हतं. भरल्या गोदामात एक निवृत्त म्हातारा येऊन उभा राहतो आणि म्हणतो, तुम्ही टोचलं ते कातडीत गेलंच नाही.

"काका," डॉक्टर म्हणाले, "हे माणसांचं काम नाही. जनावराची कातडी आहे. मी रोज टोचतो."

"रोज टोचता म्हणूनच," काका म्हणाले.

भांडण झालं नाही, कारण काकांनी येतानाच बाजारातल्या खाटकाकडून बकरीचं ताजं कातडं आणलं होतं. काकूंच्या कपडे धुण्याच्या निळीचं पाणीही आणलं होतं, औषधाच्या बाटलीत. बाबांनी कातडं फळीवर ताणून खिळे मारले आणि मानेकडचे केस वस्तऱ्यानं काढले. "आधी तुमी," काका डॉक्टरांना म्हणाले.

डॉक्टरांनी सफाईनं टोचलं. वरून काही दिसलं नाही. मग काकांनी टोचलं, डॉक्टरांच्या दसपट वेळ घेऊन. कातडीवर निळसर दाळ उठली. बाबांनी खिळे काढून कातडं उलटं केलं. डॉक्टरांची नीळ आतल्या बाजूला तळहाताएवढी पसरली होती. काकांच्या जागी आतून काहीच नव्हतं. मी ब्लेडनं तिथं काप दिला, तर कातडीच्या जाडीत निळा ठिपका बसला होता, डब्यात ठेवल्यासारखा.

 गोदामात एक बकरी ओरडली.

डॉक्टर बराच वेळ ते निळं पाहत होते. मग त्यांनी बाही सारली. "पुन्हा करतो," ते म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांनी ते कातडं टोचून टोचून निळं केलं. मला त्यांच्याबद्दल अजूनही आदर आहे तो त्यासाठी.

खऱ्या लसीचा दिवस ठरला. मॅडमही आल्या. पहाटेपासून बाबा एकेका बकरीची मान भादरत होते, आणि फाटकाबाहेर ओळखीपाळखीचे लोक जमले होते. "काय गा," एकानं बाबांना विचारलं, "जिनिंग बंद करून न्हाव्याचं दुकान टाकलं का?" बाबा म्हणाले, "ये, बस. तुहीबी करतो." निम्म्या बकऱ्यांना डॉक्टर टोचणार, निम्म्यांना मी. काका नियमानं हात लावू शकत नव्हते. ते स्टुलावर बसले, चष्मा डोळ्यांवर, आणि प्रत्येक सुईनंतर बकरीच्या मानेशी वाकायचे. "उठली," ते म्हणाले की मी नंबर लिहायचा. माझी पहिली उठली. दुसरी उठली. डॉक्टरांची उठली. माझ्या हातातली सुई अडत होती, जशी अडायला हवी तशी, आणि मला एकदम यवतमाळच्या अंगणातलं ऊन पाठीवर जाणवलं.

मधेच डॉक्टरांच्या एका बकरीनं मान झटकली. सुई गेली, औषधही गेलं.

"नाही," काका म्हणाले.

"थोडी उठली होती," डॉक्टर म्हणाले.

"थोडी उठत नाही. उठते, नाही तर नाही. ही लिहू नका."

मॅडम म्हणाल्या, "तिला पुन्हा टोचू नका, मात्रा चुकेल. तिचा नंबर वेगळा ठेवा. पण रक्त तिचंही घ्या." त्या क्षणापासून बाबांनी त्या बकरीचं नाव 'नापास' ठेवलं.

ठरलेल्या दिवशी सगळ्यांचं रक्त घेतलं. नळ्यांवर फक्त नंबर होते. कोणती कोणाची ते वही उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. तपासणी एका प्लास्टिकच्या पाटीत होते, तिच्यात बारीक बारीक खळगे असतात. लसीची ओळख रक्तात असेल तर खळगा पिवळा होतो, नसेल तर पाण्यासारखा राहतो. शेवटचा थेंब टाकून मी घड्याळाकडं न पाहता बसले. मग पाहिलं. ज्या बकऱ्यांना तुलनेसाठी नुसतं पाणी दिलं होतं, त्यांचे कडेच्या रांगेतले खळगे स्वच्छ. आणि बाकीचे हळदीसारखे पिवळे, एकापाठोपाठ एक. मधली एकच ओळ पाण्यासारखी कोरी.

"ही कोणती?" मॅडमनी विचारलं.  "ही का आली नाही?"

मी वही उघडली. नंबर जुळवला. वेगळा ठेवलेला नंबर होता तो.

मॅडम खुर्चीत बसल्या. "त्या गृहस्थांना," त्या म्हणाल्या, "आपण रक्त तपासायच्या आधीच कळलं होतं."

मी पाटीचा फोटो घेऊन यवतमाळला गेले. काकांनी तो चष्मा लावून, चष्मा काढून, दारात उजेडाला नेऊन पाहिला. पिवळ्या खळग्यांवरून अंगठा फिरवत फिरवत कोऱ्या ओळीशी थांबले.

"ही तीच का? मान झटकलेली?"

"हो, काका. नापास."

मला वाटलं होतं ते आनंदतील. आनंद झाला होताच, कारण काकूंना त्यांनी तीनदा हाक मारून बोलावलं आणि तीनदा तोच फोटो दाखवला. काकूंनी भरल्या वांग्यांचा बेत केला. पण जेवताना काकांनी दुसरं वांगं घेतलं नाही. हात धुताना म्हणाले, "बाकी सगळ्यायले भेटलं. तिलेच नाही भेटलं. तिचा काय दोष? तिले तशी ठेवू नका."

त्या लसीचं पुढं काय झालं, असं मला विचारतात. ती बाजारात आली नाही. त्यासाठी शंभर गोष्टी जमाव्या लागतात. पण बकरीला कुठून द्यायची हे आम्ही दाखवलं, त्यावर माझी पीएच.डी. झाली, आणि दुसऱ्यांनी त्यापुढं नेलं. बऱ्याच वर्षांनी माणसांसाठीही डीएनएची लस निघाली, कातडीत द्यायची, तीही सुईशिवाय. ती बातमी वाचली तेव्हा काका नव्हते. मी पेपर घडी करून ठेवला आणि त्या दिवशी भाजीला वांगी आणली. मी आता शिकवते. माझ्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना पहिले काही महिने वांगीच मिळतात. ते हसतात. मीही हसते.

पण सांगायचं राहिलं ते नापास बकरीचं. प्रयोग संपल्यावर ती बाबांना मिळाली. मॅडमनी उरलेली एक मात्रा माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, "त्यांनाच टोचू दे." काका सकाळच्या बसनं मारेगावला आले, इस्त्रीचा सदरा घालून. गोदामाच्या दारात उजेडाला बाबांनी बकरीला गुडघ्यात धरलं, मान भादरलेली. काकांनी नवी सिरिंज हातात तोलून पाहिली. "प्लास्टिकले वजनच नाही," ते कुरकुरले. 

निवृत्तीनंतरच्या इतक्या वर्षांत त्यांच्या सुईखाली जिवंत कातडी आली नव्हती.  सुई टेकली. सुई आडवी सरकली, अडली, आणि मी बकरीच्या मानेशी वाकले.

"उठली, काका," मी म्हणाले.

"मी पाह्यल्याशिवाय नाही."

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि वाकले. त्या दिवशी त्यांनी फार वेळ घेतला. बाबांचे गुडघे दुखायला लागले, पण त्यांनी बकरी हलू दिली नाही.

"सोडा आता तिले," काका म्हणाले.

बाबांनी पकड ढिली केली आणि नापास बकरी उडी मारून गोदामाबाहेर उन्हात गेली, मानेवर हरभऱ्याच्या डाळीएवढी दाळ घेऊन.